घंटेवरचा हात

बालमित्रांनो, तुमच्या शाळेची घंटा कशी आहे? आमच्या शाळेची पितळेची आहे. जाड थाळीसारखी, व्हरांड्यात तारेने टांगलेली. लाकडी हातोडीचा एक टोला दिला, की "टण्ण्ण..." असा आवाज निघतो आणि पार गावाच्या शेवटच्या घरापर्यंत जातो. पण आमच्याकडे काही खोडकर मुलं आहेत. (तुमच्याकडे नसतीलच!) घंटा वाजवायला कुणी गेलं, की त्यातला एखादा हळूच मागून येतो आणि घंटा दोन्ही हातांनी घट्ट धरतो. मग टोला पडतो आणि आवाज येतो, "थड्!" बस्स. पुढे काहीच नाही.

या "टण्ण्ण" आणि "थड्" यांच्यात आभाळातलं एक मोठं गुपित लपलेलं आहे, हे मला वयाची तिशी ओलांडल्यावर कळलं. तेही एका चौथीतल्या मुलामुळे. त्याचं खरं नाव सांगत नाही. आता तो मोठा झालाय, लाजेल. आपण त्याला प्रश्नराव म्हणू. कारण त्याच्याजवळ दप्तरात पुस्तकं कमी आणि डोक्यात प्रश्न जास्त असायचे.

गोष्ट २०१८ सालची आहे. ११ फेब्रुवारी, रविवारचा दिवस. त्या दिवशी मराठवाड्यात आणि विदर्भात ठिकठिकाणी गारपीट झाली. आमच्या बुलढाणा जिल्ह्यालाही तिने झोडपलं. हरभरा घाट्यांवर आलेला, गहू ओंब्यांवर आलेला. टिनाच्या पत्र्यांवर असा आवाज, की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. थोड्या वेळाने सगळं शांत झालं, आणि अंगणात पांढरा सडा पडलेला. लहान मुलांनी गारा वेचल्या, तोंडात टाकल्या, हसली. मोठी माणसं मात्र वावराकडे पळाली. परत आली, ती कुणाशी न बोलताच.

दुसऱ्या दिवशी वर्गात निम्मीच मुलं होती. प्रश्नराव आला. त्याच्या हातात जेवणाचा डबा होता. तो माझ्या टेबलापाशी आला आणि डबा उघडून दाखवला. आत घोटभर पाणी.

"मॅडम, गार आनली होती तुमाले दाखवाले," तो म्हणाला. "पानी झालं तिचं."

त्याच्या घरचा हरभरा गेला होता, हे मला माहीत होतं. काय बोलावं, सुचेना. पण त्याला माझं सांत्वन नको होतं. त्याला प्रश्न विचारायचा होता.

"मॅडम, इथं तं थंडी कमी झाली होती. मंग वर बर्फ काहून झाला?"

हे उत्तर मला येत होतं. मी सांगितलं, "आपण जसजसे उंच जातो, तसतशी हवा थंड होत जाते."

"किती थंड? कोनं मोजलं? वर थर्मामीटर घेऊन कोन जाते?"

हेही मला येत होतं. मी जरा ऐटीतच सांगितलं, की हवामान खातं मोठे फुगे सोडतं. फुग्याला बांधलेलं छोटं यंत्र वर जाता जाता तापमान, दाब, आर्द्रता मोजतं आणि रेडिओने खाली कळवतं. आपल्या विदर्भात नागपूरहून असे फुगे सोडतात.

प्रश्नराव क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "नागपूरचा फुगा नागपूरची हवा सांगन. आमच्या वावरावरची कोन सांगन?"

वर्ग हसला. बुलढाण्याहून नागपूर सरळ रेषेत मोजलं तरी ३०० किलोमीटरहून दूर. मुलाचं चुकलं काय होतं? पण मला उत्तर येत नव्हतं, आणि वर्ग हसत होता. मग मी तेच केलं, जे आम्ही शिक्षक अशा वेळी करतो. "ते पुढच्या वर्गात शिकाल. चला, पुस्तकं काढा," म्हटलं.

त्याने डब्याचं झाकण लावलं आणि जागेवर जाऊन बसला.

त्यानंतर प्रश्नरावाने प्रश्न विचारणं बंद केलं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. मार्च गेला, परीक्षा झाली, सुट्ट्या लागल्या, त्याचं तोंड बंदच. आधी मला वाटलं, घरच्या नुकसानीमुळे गप्प असेल. तेही खरं असणारच. पण मला आतून माहीत होतं, की डब्याचं झाकण लावताना त्याने आणखीही काहीतरी बंद केलं होतं. आणि ते मी करायला लावलं होतं.

मे महिन्यात माझे दीर सुटीला घरी आले. ते भौतिकशास्त्राचे एम.एस्सी. आहेत. रात्री गच्चीवर गाद्या घातल्या होत्या. वर चांदणं. मी विचारलं, "भाऊजी, आपल्या वावराच्या वर, ढगांच्याही वर, हवा किती गार आहे हे कुणाला कळतं का हो?"

"कळतं की," ते म्हणाले. "ऑक्सिजनला विचारतात."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते उठून बसले आणि समजावू लागले. त्यांनी जे सांगितलं, ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

चुलीवरून उतरवलेला तवा काळाच दिसतो, पण जवळ हात नेला की धग लागते. म्हणजे डोळ्यांना न दिसणारं काहीतरी त्यातून बाहेर पडत असतं. जगातली प्रत्येक वस्तू आपापल्या उष्णतेप्रमाणे अशा न दिसणाऱ्या लहरी सोडत असते. हवाही सोडते. त्यातल्या काही लहरी आपल्या मोबाईलच्या आणि टीव्हीच्या छत्रीच्या लहरींच्या जातीच्या असतात. त्यांना सूक्ष्मलहरी म्हणजे मायक्रोवेव्ह म्हणतात. हवेचा हा आवाज फार बारीक असतो, पण चांगलं यंत्र असेल तर तो ऐकता येतो.

हवेत शंभरातले ७८ भाग नायट्रोजन आणि सुमारे २१ भाग ऑक्सिजन. नायट्रोजन या लहरींच्या बाबतीत मुका आहे. गाणारा आहे तो ऑक्सिजन. का बरं? तर ऑक्सिजनचा प्रत्येक रेणू हा एक इवलासा चुंबक असतो. खूप थंड करून ऑक्सिजनचं पाणी केलं, तर ते लोहचुंबकाला चक्क चिकटतं! हा रेणू स्वतःभोवती गिरक्या घेत असतो, आणि त्याच्या गिरकीच्या मानाने त्या चुंबकाची दिशा बदलत असते. त्या बदलण्याला एक ठरलेला वेग असतो. सेकंदाला सुमारे ६,००० कोटी झोके! तुमच्या पुढच्या वर्गांच्या पुस्तकात यालाच वारंवारिता म्हणतील. आपण त्याला सूर म्हणू. (असा आणखी एक सूर ऑक्सिजनला येतो, सेकंदाला ११,८७५ कोटी झोक्यांचा. पण तो एकटाच दूर बसलेला आहे. त्याला आज बसू दे.)

झोक्यावर बसलेल्या मुलाला ढकलायचं असेल, तर झोक्याच्या तालातच ढकलावं लागतं. ताल चुकला की झोका वाढत नाही. ऑक्सिजनचंही तसंच. त्याच्या सुराची लहर आली, तर तो ती गट्ट करतो. दुसऱ्या सुराची आली, तर खुशाल जाऊ देतो. आणि गंमत अशी, की जो सूर तो खातो, तोच सूर तो गातो. हवा गरम असेल तर मोठ्याने, थंड असेल तर हळू. झाला की नाही थर्मामीटर?

शास्त्रज्ञ याचा आलेख काढतात. ज्या सुरावर लहर खाल्ली जाते, तिथे आलेखावर एक उभी रेघ उमटल्यासारखी दिसते. तिला शोषणरेषा म्हणतात. काही रेणू हळू गिरकी घेतात, काही जोरात. त्यामुळे प्रत्येकाचा सूर थोडा वेगळा. म्हणून ६,००० कोटींच्या आसपास एकच रेघ नाही, तिसाहून जास्त रेघा आहेत. वहीतल्या ओळींसारख्या एकीशेजारी एक.

इथपर्यंत मला समजलं. पण मीही प्रश्नरावाची मॅडम! मी विचारलं, "भाऊजी, ऑक्सिजन तर जमिनीलगत आहे आणि वीस किलोमीटर वरही आहे. सगळेच गाताहेत. मग उपग्रहाला वरून कसं कळायचं, की हा आवाज खालचा आणि हा वरचा?"

"दाबावरून," ते म्हणाले. "दाब वाढला की रेषा रुंद होते." आणि मग त्यांनी कागदावर असं काही गणित मांडलं, की मला जांभई आली. मी डी.एड. झालेली. पहिलीला बाराखडी आणि चौथीला भागाकार शिकवते. मला ते गणित झेपेना. दीर परत गेले, कागद मी पुस्तकात ठेवला. दाबाने रेघ का रुंदावते, हे काही उमगेना.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. पहिल्या दिवशी घंटा वाजवायला एक मुलगी गेली. आणि मागून हळूच कुणीतरी येऊन घंटा दोन्ही हातांनी धरली.

"थड्!"

मी रागवायला तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले. अरे! हेच तर ते! घंटा मोकळी असली की बराच वेळ डुलते, म्हणून तिचा सूर ओळखू येतो. पेटीवाला असेल तर पट्टी सांगेल. पण हात लागला की डुलणं मध्येच तुटतं. "थड्" हा कोणता सूर? सांगता येत नाही. तो कोणताच एक सूर नसतो. त्यात थोडे थोडे अनेक सूर मिसळलेले असतात. सूर पसरला! रेघ जाड झाली!

आणि ऑक्सिजनच्या घंटेला हात कुणाचा लागतो? शेजारच्या रेणूंचा. हवेचा दाब जास्त म्हणजे गर्दी जास्त, आणि गर्दी जास्त म्हणजे धक्के जास्त.

घंटा धरणारा कोण होता, ते तुम्ही ओळखलंच असेल. प्रश्नराव, आता पाचवीत गेलेला. मला पाहून त्याने हात सोडले आणि मान खाली घातली. मी म्हटलं, "मान वर कर. तू आज मला फार मोठी मदत केलीस." त्याला काहीच कळेना.

दुपारच्या सुटीनंतर मी चौथी आणि पाचवीला मैदानात नेलं. सगळ्यांसमोर प्रश्नरावाला म्हटलं, "फेब्रुवारीत तू विचारलं होतंस, की आमच्या वावरावरची हवा कोण सांगेल. मला उत्तर येत नव्हतं. मी म्हणाले, पुढच्या वर्गात शिकाल. ते खरं नव्हतं. तू पुढच्या वर्गात आलास, पण ते तुझ्या पुस्तकात नाही. माझं चुकलं. आज आपण ते उत्तर खेळून शोधू."

मुलं माझ्याकडे बघतच राहिली. मॅडमचंही चुकतं?

मग आम्ही फक्की टाकून एक छोटं वर्तुळ आखलं. त्यात तीस मुलं दाटीवाटीने उभी केली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या मोकळ्या जागेत फक्त चार मुलं. नियम असा, की हात पसरून प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या वेगाने गरगर गिरक्या घ्यायच्या आणि मोजायच्या. कुणाचा धक्का लागला तर थांबायचं आणि पुन्हा एकपासून सुरुवात. मी शिट्टी वाजवली.

काय सांगू, वर्तुळात नुसता गोंधळ! "एक, दोन... ए, काहून ढकलतं बे!... एक... एक, दोन..." तिकडे मोकळ्या जागेतली चार मुलं मात्र शांतपणे वीसपर्यंत पोहोचली. नंतर चक्कर येऊन धपाधप पडली, ती गोष्ट वेगळी.

मी विचारलं, "एका गिरकीला किती वेळ लागला?" मोकळ्या जागेतली मुलगी म्हणाली, "मॅडम, वीस गिरक्यांना चाळीस सेकंद लागले. म्हणजे एका गिरकीला दोन सेकंद. बरोब्बर." वर्तुळातल्या मुलांना विचारलं, तर एक म्हणतो दीड, दुसरा म्हणतो अडीच, तिसरा म्हणतो, "मॅडम, पुरी गिरकी झालीच कुठं?"

पाहिलंत? वेग सगळ्यांचा तोच. पण ज्याला पुष्कळ वेळ मोकळं फिरता आलं, त्याचा वेग नेमका ठरला, म्हणजे रेघ बारीक. ज्याला मध्येच धक्के बसले, त्याचा वेग "असा असेल, तसा असेल" झाला, म्हणजे रेघ जाड.

आता खऱ्या हवेचे आकडे ऐका. जमिनीलगतच्या हवेत एका रेणूला सेकंदाला सुमारे ७०० कोटी धक्के बसतात! आणि ऑक्सिजनचे झोके सेकंदाला ६,००० कोटी. करा भागाकार. जेमतेम आठ-नऊ झोके होतात न होतात, तोच धक्का! पण ३० किलोमीटर उंचीवर हवेचा दाब इथल्या दाबाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असतो. तिथे धक्केही त्याच मानाने कमी. तिथला ऑक्सिजन शेकडो झोके निवांत घेतो.

मी फळ्यावर वहीच्या ओळी काढून दाखवल्या. समजा, ऑक्सिजनच्या दोन रेघांमधलं अंतर एक सेंटिमीटर धरलं. तर ३० किलोमीटर उंचीवर एकेक रेघ फक्त अर्धा मिलिमीटर जाड असेल. टोकदार पेन्सिलीने काढल्यासारखी. आणि जमिनीलगत? चार-पाच सेंटिमीटर जाड! म्हणजे एक रेघ शेजारच्या रेघेवर, ती तिच्या शेजारचीवर, सगळ्या मिळून एकच मोठा पट्टा. पावसात वही भिजल्यावर शाई फुटते ना, अगदी तशा.

तुम्ही कधी एस.टी.ने मलकापूरहून राजूर घाट चढून बुलढाण्याला आला असाल, तर सोबतचा वेफर्सचा पुडा जरा टम्म झालेला तुम्ही पाहिला असेल. सुमारे ४०० मीटर उंची वाढते आणि बाहेरच्या हवेचा दाब शंभरात चार-पाच भागांनी कमी होतो. म्हणजे मलकापूरच्या हवेतली ऑक्सिजनची रेघ बुलढाण्याच्या रेघेपेक्षा तेवढीच जाड! लोणारच्या विवरात काठावरून पाण्यापर्यंत उतरलात, तरी ती किंचित जाड होते. आपल्याला दिसत नाही एवढंच.

आता मुख्य गोष्ट. नीट लक्ष द्या हं. उपग्रह वर शेकडो किलोमीटरवरून जातोय आणि खाली कान लावून बसलाय. आधी त्याने अगदी रेघेच्या मधोमधचा सूर लावला. या सुरावर खालचा आणि वरचा सगळाच ऑक्सिजन गातो. पण खालच्या थरांचा आवाज वर येता येता वरचा ऑक्सिजन खाऊन टाकतो. म्हणून उपग्रहाला ऐकू येतो तो फक्त वरचा थर.

मग उपग्रहाने सूर सरकवला आणि रेघांपासून जरा बाजूला नेला. वरच्या विरळ हवेतल्या रेघा बारीक. त्यांना हा सूर गाता येत नाही आणि खाताही येत नाही. पण खालच्या दाट हवेतल्या रेघा शाई फुटल्यासारख्या इथवर पसरलेल्या. त्या हा सूर गातात, आणि त्यांचा आवाज वरच्या हवेतून बिनअडथळा उपग्रहापर्यंत पोहोचतो. असा सूर थोडा थोडा सरकवत नेला, की विवराच्या काठावरून एकेक टप्पा खाली उतरावं, तसा उपग्रहाचा कान हवेच्या एकेका थरातून खाली उतरत जातो. प्रत्येक थर किती मोठ्याने गातो ते ऐकायचं, की तापमान कळलं. तेही हवेला हात न लावता, ढग असले तरी बहुतेक वेळा त्यांच्या आरपार.

हे नुसतं कागदावरचं नाही बरं का. १९७८ साली सोडलेल्या टायरॉस-एन या अमेरिकन उपग्रहावर असा कान होता, चार सुरांचा. १३ मे १९९८ रोजी गेलेल्या नोआ-१५ वर पंधरा सुरांचा कान होता. त्यातले बहुतेक सूर ऑक्सिजनचे. आज जगभरातले हवामानशास्त्रज्ञ, आपल्या देशातलेसुद्धा, उपग्रहांच्या अशा नोंदी अंदाजाच्या गणितात घालतात. आपल्या इस्रोने फ्रान्सच्या अवकाश संस्थेबरोबर बनवलेला मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह १२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्याने हीच युक्ती पाण्याच्या वाफेच्या रेघेवर वापरून कोणत्या उंचीवर किती दमट हवा आहे, ते टिपलं. २०२३ च्या मार्चमध्ये त्याला समुद्रावर सुखरूप खाली आणून निरोप दिला. जमिनीवर ठेवून वर कान लावणारी यंत्रंही असतात. तिरुपतीजवळच्या गडंकीला अशा यंत्राच्या नोंदींवरून गडगडाटी वादळाची चाहूल आधी लागते का, हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं आहे.

ऑक्सिजनच्या या रेघांचा उलगडा करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ होते जॉन व्हॅन व्लेक. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या लहरी हवेत का हरवतात, हा प्रश्न होता. ६,००० कोटींच्या सुराची लहर जमिनीलगतच्या हवेतून एक किलोमीटर गेली, की तिचा जेमतेम तिसावा हिस्सा उरतो. बाकीची ऑक्सिजन खातो. त्याचं गणित व्लेक यांनी मांडलं आणि १९४७ साली प्रसिद्ध केलं. त्यांच्याकडे फिलिप अँडरसन नावाचा एक विद्यार्थी होता. त्याने पीएच.डी.साठी विषय घेतला, तो दाबाने रेघा का रुंदावतात हाच! पुढे १९७७ साली या गुरू-शिष्यांना नोबेल पारितोषिक एकाच वर्षी, एकत्र मिळालं. ते दुसऱ्या कामासाठी होतं, पण मला मात्र हा योग फार आवडतो. प्रश्न विचारणारा विद्यार्थी आणि त्याला गप्प न बसवणारा गुरू.

तर मैदानावर मी हे सगळं जमेल तसं सांगितलं. मुलं हात-पाय झटकत, घाम पुसत ऐकत होती. प्रश्नराव वर्तुळाच्या कडेला उकिडवा बसून फक्कीत बोटाने रेघा ओढत होता. काही बारीक, काही जाड. आणि चार महिन्यांनंतर त्याने तोंड उघडलं.

"मॅडम, मंग धक्के लागले नसते, तं कोन किती खाली हाय, हे कळलंच नसतं?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. मी इतका वेळ धक्क्यांनी सूर बिघडतो, रेघ खराब होते असंच सांगत होते. या मुलाने एका वाक्यात उलटं करून दाखवलं. रेघ खराब झाली, म्हणूनच तर ती कुठली आहे ते कळतं! सगळ्यांच्या रेघा पेन्सिलीसारख्या बारीकच असत्या, तर वरची हवा आणि खालची हवा वेगळी ओळखायची कशी?

"हो," मी म्हटलं. "नसतं कळलं."

"मंग आमच्या वावरावरची गार आधी कळन?"

आता इथे मला खोटं बोलायचं नव्हतं. एकदा बोलून झालं होतं. मी सांगितलं, की नोआ-१५ सारख्या उपग्रहाचा कान एका वेळी साधारण ५० किलोमीटर रुंदीच्या भागातली हवा ऐकतो, आणि त्याला ऐकू येणारा प्रत्येक थरही काही किलोमीटर जाड असतो. त्यावरून आणि इतर नोंदींवरून आपल्या भागात गारपिटीचा धोका आहे, हे आधी सांगता येतं. कापून ठेवलेलं पीक झाकता येतं, गुरं गोठ्यात आणता येतात, माणसं झाडाखाली थांबायची टळतात. पण गार याच वावरात पडेल आणि शेजारच्या वावरात पडणार नाही, इतकं नेमकं कुणालाच अजून सांगता आलेलं नाही. आणि उभा हरभरा तर कुणालाच उचलून आत ठेवता येत नाही.

तो थोडा वेळ गप्प बसला. मला वाटलं, पुन्हा झाकण लागलं. पण तो म्हणाला, "मंग कान लहान कराले पाहिजे. पन्नास किलोमीटर लय मोठा हाय." आणि उठून पाणी प्यायला पळाला.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात एक नियम आहे. फळ्याचा डावीकडचा वरचा कोपरा पुसायचा नाही. मला न आलेला प्रश्न तिथे लिहायचा आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच ठेवायचा. कधी दोन दिवस राहतो, कधी दोन महिने. "पुढच्या वर्गात शिकाल" हे वाक्य मी पुन्हा वापरलेलं नाही. त्या कोपऱ्यातला पहिला प्रश्न प्रश्नरावाच्याच अक्षरात होता : "कान लहान कसा करावा?"

जाता जाता तुमच्यासाठी एक प्रयोग. घरातली स्टीलची थाळी घ्या. (आईला विचारून हं!) कडेला मोठा चिमटा लावून ती दोरीने टांगा आणि चमच्याने हळूच वाजवा. सूर ऐका. मग थाळीला एक बोट लावून वाजवा, मग दोन बोटं, मग पूर्ण तळहात. सूर कसा तुटत जातो, पसरत जातो, ते ऐका. मग डोळे मिटून बसा आणि धाकट्या भावंडाला थाळी वाजवायला सांगा. त्याने किती बोटं लावली आहेत, ते नुसत्या आवाजावरून ओळखा.

ओळखता आलं, तर उपग्रह वर बसून काय करतो, ते तुम्हाला समजलं. नाही आलं, तर पुन्हा वाजवा.